उसनं लाटणं

मुंबईला जायचं म्हटलं की आमच्या घरात याद्या सुरू होतात. लालबागचा चिवडा, मसाला, दादरहून धाकट्या नणंदेसाठी साडी, शेजारच्या वहिनींसाठी वेण्यांचे आकडे... या खेपेला याद्या होत्याच, पण माझ्या पर्समध्ये चार घड्या घातलेला एक कागदही होता. तो कुणी आणायला सांगितला नव्हता. खरं तर तो मी घरात ठेवायला भीत होते, म्हणून बरोबर घेतला होता!

तो कागद म्हणजे एक अर्ज. आमच्या तालुक्याच्या गावी, आमच्या कॉलनीत, नळाला पाणी रात्री येतं. कधी बाराला, कधी दोनला. सव्वीस बिऱ्हाडं आणि खाली एकच जोराचा नळ. दिवसभराचं काम आटोपून अंग टाकावं, तो कुणीतरी हाक मारतं, "वहिनी, पाणी आलं!" मग कळशा, हंडे, बादल्या. गेल्या पावसाळ्याआधी आमच्या समोरच्या काकू भरली कळशी घेऊन जिना चढताना पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. साठीच्या बाई, अजून काठी सुटलेली नाही. त्यानंतर सगळ्या बायका माझ्याकडे आल्या. "तुम्ही बी.ए. झालेल्या, शाळेत शिकवता. तुम्ही अर्ज लिहा."

मी लिहिला. चांगला दोन पानी. आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिला, तीन आठवडे! आमचे 'हे' म्हणाले होते, "या भानगडीत तू कशाला पडतेस? आज पाणी, उद्या राजकारण चिकटेल." शिवाय माझी नोकरी अर्धवेळ. दर जूनला नव्यानं ऑर्डर निघणार. कुणाच्या डोळ्यांवर यायला नको, असं मलाही वाटलंच. उगाच सगळा दोष त्यांच्यावर कशाला ढकलू?

अशात सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे लालबागच्या मावशींच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना बघायला कुणीतरी जायला हवं होतं. दिवाळीची सुट्टी होती. मी निघाले.

रात्रीच्या एस.टी.नं पहाटे दादरला उतरले. दादर तेव्हाच जागं झालेलं असतं. स्टेशनजवळच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग, ओल्या पोत्यांवर बसलेल्या बायका आणि बाजूला वाफाळता चहा. तिथून बसनं लालबाग. पूर्वी म्हणे या वाटेवर गिरण्यांच्या चिमण्या मोजत जायचं आणि भोंग्यावर घड्याळं लावायची. आता चिमण्या एखाद-दुसऱ्याच, आणि त्यांच्या मागे मान दुखेपर्यंत वर बघावं लागेल असे टॉवर. पण डोक्यावरच्या उड्डाणपुलाखालून आत वळलं की अजूनही चाळी आहेत, मिरच्या कुटल्याचा ठसका आहे, आणि "कुणाकडे आलात?" असं विचारणारी एखादी आजीही आहे.

मावशींची चाळ तीन मजली. मधे लांबच लांब गॅलरी, तिच्या टोकाला नळ. खोली दहा बाय बाराची. मावशी सातारा जिल्ह्यातल्या. १९६८ साली लग्न होऊन या खोलीत आल्या. काका गिरणीत साच्यावर. आता काका नाहीत आणि गिरणीही नाही. मावशींनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, पण आवाज अजून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा!

दुपारी जेवणं झाल्यावर गप्पा निघाल्या. काकूंच्या पडण्याचं सांगता सांगता मी तो कागद काढला. मावशींनी नव्या डोळ्यानं, कागद लांब धरून, सगळा वाचला.

"अक्षर मोत्यासारखं आहे गं. पण सही कुठाय?"

"अजून केली नाही, मावशी."

"आणि बाकीच्यांच्या?"

मी गप्प. मावशी हसल्या. "अगं पोरी, अर्ज शेवटी असतो. आधी वही असते."

आणि मग त्यांनी १९७२ सालचं सांगायला घेतलं.

मैत्रिणींनो, त्या सालच्या दुष्काळाच्या गोष्टी तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकल्या असतील. महाराष्ट्रात पाऊस नाही, शेतं करपली, माणसं खडी फोडायला गेली. मुंबईत दुष्काळ आला तो रेशनच्या रांगेतून. ज्वारी-गहू मिळेना, तेल मिळेना, साखर मिळेना, रॉकेलसाठी डबे घेऊन पहाटेपासून नंबर लावायचे. मिळालं तर मिलो, ती अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. "तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची," मावशी म्हणाल्या. "पोरं ताट सरकवायची."

त्यात मावशींच्या लक्षात आलं की घरी आणलेलं धान्य महिना पुरत नाही, म्हणजे अगदीच पुरत नाही. त्यांच्या मजल्यावर एक बाई मसाला विकायच्या. त्यांच्याकडे तागडी होती. एकदा सहज पिशवी तागडीत टाकली, तर वजन कमी! शेजारणीची टाकली, तीही कमी. मग मावशींनी एका वहीची मागची पानं फाडली आणि प्रत्येक बिऱ्हाडाचं लिहून काढलं. कार्डावर किती, पैसे किती दिले, तागडीत किती भरलं. लिहिता येणाऱ्या तीनच बायका. बाकीच्या सांगत आणि या लिहीत. दोन महिन्यांची वही घेऊन अकरा जणी दुकानदाराकडे गेल्या.

"भांडलात?"

"भांडायचं कशाला? वही वाचून दाखवली. रांगेतली सगळी माणसं ऐकत होती. पुढच्या वेळेपासून माप बरोबर."

एवढ्यावरही ही गोष्ट थांबली असती. पण त्याच सुमारास मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी ही तिच्यातली ठळक नावं. यातल्या कुणी समाजवादी, कुणी कम्युनिस्ट, आणि कम्युनिस्टांतही दोन वेगळ्या पक्षांच्या! एरवी सभांमधून एकमेकांच्या पक्षांवर टीका करणाऱ्या या बायका तेलासाठी आणि धान्यासाठी एका सतरंजीवर बसल्या. आणि बसल्या त्या मोठ्या मैदानांवर नंतर. आधी बसल्या चाळींच्या जिन्यांवर, गॅलऱ्यांत, दुपारी दोन ते चारच्या वेळात. कारण त्या वेळात बाईमाणसाला जरा उसंत असते. जेवणं झालेली, आणि नळ यायला अवकाश.

अशाच एका दुपारी समितीच्या दोघी जणी मावशींच्या चाळीत आल्या. कुणीतरी वही दाखवली. त्या बाई म्हणाल्या, "हेच तर आम्ही करायला सांगत फिरतोय, तुमचं आधीच झालंय!" आणि मग मोर्चाचं ठरलं. प्रत्येकीनं लाटणं घेऊन यायचं.

आता गंमत ऐका. मावशींच्या घरी लाटणंच नव्हतं! "आम्ही भाकरीची माणसं. भाकरी थापायची असते, तिला लाटणं कशाला? आणि गहू होता कुठं पोळ्या लाटायला?" मजल्यावरच्या निम्म्या बायकांची तीच तऱ्हा, मग त्या घाटावरच्या असोत की कोकणातल्या. शेवटी खालच्या मजल्यावरच्या एका मास्तरीणबाईंकडे तीन लाटणी निघाली. दोन मोठी, एक मुलीच्या भातुकलीतलं. मावशींच्या वाट्याला भातुकलीतलं आलं. काहींनी पळी आणि थाळी घेतली. "लाटणं उसनं होतं," मावशी म्हणाल्या, "पण राग आमचा होता."

लाटण्यांचे हे मोर्चे पुढे मुंबईभर आणि बाहेरही गाजले. ठरल्या वेळी गॅलऱ्यांतून, खिडक्यांतून बायकांनी थाळ्या वाजवायच्या, याला थाळीनाद म्हणत. ज्या बाईला घरातून बाहेर पडायची मुभा नाही, तिनंही आपल्या दारात उभं राहून थाळी वाजवावी! मला तर ही कल्पना फार आवडली. व्यापाऱ्यांच्या गोदामांवर जाऊन साठे दाखवून देणं, मंत्र्यांना घेराव घालून रेशनवर किती आणि कधी देणार ते विचारणं, असं सगळं या बायकांनी केलं. मी विचारलं, लाटणंच का? मावशींना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "झेंडा घेतला असता तर कुठल्या रंगाचा, यावर भांडण झालं असतं. लाटण्याला रंग नसतो."

काका काय म्हणाले होते, हेही मी विचारलं. (का विचारलं, ते तुम्ही ओळखलंच असेल!) "म्हणाले, पोरांचं कोण बघणार? मी म्हटलं, मोर्चाला तुम्ही जाता तेव्हा मी बघते, तसं आज तुम्ही बघा. दुसऱ्या पाळीला होते ते. त्यांनी बघितलं. भात करपवला, पण बघितलं!"

रात्री गॅलरीत अंथरूण टाकल्यावर मला झोप येईना. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. आठवीच्या वर्गाला मी स्वातंत्र्यलढा शिकवते. बायकांचा सहभाग म्हणून एक ओळ असते, तीही आम्ही मुलींना पाठ करायला सांगतो. त्या ओळीतल्या बायका कुठल्या जिन्यावरून उतरल्या, घरी काय सांगून आल्या, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

सकाळी मावशीच म्हणाल्या, "चल, आमच्या आधीच्यांचं बघून ये." त्यांच्या डोळ्याला ऊन चालत नव्हतं, म्हणून त्यांची नात माझ्याबरोबर आली. आम्ही बसनं गिरगावात गेलो.

गिरगाव आता पुष्कळ बदललं आहे. खालून मेट्रो धावते, वर इमारतींना निळे पडदे लागले आहेत. पण ठाकूरद्वारच्या आसपास एखाद्या वाडीत शिरावं, मग कळतं की गिरगावात संघटना करायला वेगळा हॉल का लागला नसेल. मधे अंगण, भोवती चाळी, प्रत्येक खिडकी अंगणात उघडणारी. एकीनं खाली उभं राहून हाक मारली की चाळीस घरांना ऐकू जाते. सार्वजनिक गणपतीही मुंबईत पहिल्यांदा बसला तो १८९३ साली इथल्याच केशवजी नाईकांच्या चाळीत.

याच गिरगावात १९१८ साली अवंतिकाबाई गोखले यांनी हिंद महिला समाज काढला. आदल्या वर्षी त्या गांधीजींबरोबर चंपारणला जाऊन आल्या होत्या. गांधीजींचं मराठीतलं चरित्र त्यांनी लिहिलं आणि त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची! पण मला जास्त कौतुक वाटतं ते त्यांच्या समाजाचं. चार भिंतींतल्या बायकांना आठवड्यातून एकदा घराबाहेर एकत्र बसायची सवय लावणं, हे काम चरित्र लिहिण्याहून सोपं नसणार. ती सवय बारा वर्षांनी कामाला आली. १९३० साली पहाटे वाड्यावाड्यांतून प्रभातफेऱ्या निघू लागल्या, परदेशी कापडाच्या दुकानांपुढे बायका उभ्या राहिल्या. आणि एप्रिलमध्ये मिठाचा कायदा मोडायला कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई चौपाटीवर उतरल्या.

आम्हीही चौपाटीवर गेलो. भर दुपारचं ऊन, भेळवाल्यांच्या गाड्या अजून झाकलेल्या. मी वाळूत उभी राहून विचार करत होते. समुद्राचं पाणी उकळून मीठ करायचं, म्हणजे शेवटी चूल पेटवायची आणि भांडं ठेवायचं. हे बाईला शिकवावं लागत नाही! मीठ काय, लाटणं काय, दोन्ही स्वयंपाकघरातलंच. पुरुषांना चळवळीत जायला घर सोडावं लागतं. या बायका घरातलंच सामान उचलून रस्त्यावर आल्या. आम्ही मात्र समजतो, आपल्याला चूल-मूल सोडून दुसरं काय कळतं!

येताना परळला उतरलो. परळ म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला के.ई.एम. आठवतं, कारण कधी ना कधी कुणाला तरी तिथे आणलेलं असतं. पण इथल्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती. १९२८ साली मुंबईत दलित स्त्रियांचं महिला मंडळ निघालं, तेव्हा रमाबाई आंबेडकर त्याच्या अध्यक्षा झाल्या. घरात पैशांची चणचण, आजारपणं, आणि तरी अध्यक्षपद. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकासाठी अशा किती तरी बायका शोधून काढल्या. मिळालं तर जरूर वाचा.

परळ-लालबाग हा सगळा गिरणगाव. इथल्या गिरण्यांत १९२०च्या दशकात कामगारांपैकी पाचवा हिस्सा बायका होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. तो कायदा चांगला, पण पुढे बायकांना कामावर घेणं मालकांना महाग वाटू लागलं, त्यांची खातीही नव्या यंत्रांनी कमी केली. हळूहळू बायका गिरणीतून बाहेर आणि खोलीत आत. लढल्या नाहीत असं मात्र नाही. उषाबाई डांगे या बायकांना घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'पण ऐकतं कोण?' असं आहे. नाव वाचूनच मला आमच्या कॉलनीची आठवण झाली!

१९४३ साली अहिल्याताई रांगणेकरांनी इथे परळ महिला संघ काढला. युद्धाचा काळ, धान्याची टंचाई, रेशनच्या रांगा. म्हणजे मावशींच्या वहीच्या तीस वर्षं आधी तेच दुखणं! तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९४६मध्ये, मुंबईच्या बंदरात नौसैनिकांनी बंड केलं. त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव बंद झालं आणि गोळीबार झाला. त्यात महिला संघाची कार्यकर्ती कमल दोंदे परळला ठार झाली. तिच्याबरोबरच्या कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. त्या परळमध्ये उभी राहून मी आजूबाजूला पाहिलं. शाळा सुटलेली मुलं, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, दवाखान्याचे कागद सांभाळत चाललेली माणसं. पाण्यासाठीच्या कागदावर सही करताना मी काय भीत होते, याची मला लाज वाटली.

संध्याकाळी परत आले तर मावशींकडे शेजारच्या एक आजी येऊन बसल्या होत्या. त्या जुन्या खानावळवाल्या. गिरणीत काम करणारे पुष्कळसे पुरुष बायका-मुलं गावी ठेवून आलेले. एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायचे खानावळवालीकडे. एकेक बाई पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करायची. पैसे मिळायचे पगाराला, सामान भरायचं आधी. मग सावकाराचं कर्ज किंवा वाण्याची उधारी, आणि व्याज फेडता फेडता मंगळसूत्रही गहाण. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायकांनी गट करायचे, एकीला दुसरीनं जामीन राहायचं, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज घ्यायचं.

"बँकेत जायची भीती वाटली नाही?" मी विचारलं.

"वाटली की! साहेबानं सही करा म्हटलं तर हात थरथरला. पण आमच्यातली एक आधी सही करून बाहेर आली आणि म्हणाली, काही होत नाही गं, शाई वाळली की झालं."

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पगार बंद म्हणजे खानावळीचे पैसे बंद. तरी कित्येक बायकांनी जेवणं बंद केली नाहीत. "रोज आपल्या हातचं खाणाऱ्याला ताट नाही कसं म्हणायचं?" आजी म्हणाल्या. पण वाण्यानं उधारी बंद केली, काही कामगार गावी गेले ते परत आलेच नाहीत. संप रीतसर कधी संपलाच नाही, गिरण्या संपल्या. मावशींचे काकाही कामावर परत गेले नाहीत. मावशींनी दहा-बारा वर्षं पापड लाटले, शिकवणीवाल्यांच्या मुलांचे डबे केले आणि दोन्ही मुलं शिकवली. या चाळीत तेव्हा घर चाललं ते कुणाच्या हातावर, हे काही वेगळं सांगायला नको.

मी म्हटलं, "मावशी, एवढी सगळी संघटना होती, मग ती समिती कुठं गेली?"

मावशी थोडा वेळ बोलल्या नाहीत. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली. मृणालताई, अहिल्याताई, प्रमिलाताई तुरुंगात गेल्या. एका कम्युनिस्ट पक्षानं आणीबाणीला पाठिंबा दिला, दुसऱ्यानं विरोध केला. म्हणजे एका सतरंजीवरच्या बायकांच्या वाटा फुटल्या. पुढे १९७७ साली मृणालताई आणि अहिल्याताई मुंबईतून लोकसभेवर गेल्या, १९८० साली प्रमिलाताईही. "आम्हाला अभिमान वाटला. पण आमच्या जिन्यावर दुपारी दोनला यायला मग कुणी राहिलं नाही. आणि खरं सांगू? आम्हीही वही लिहायची सोडली होती. त्या येतील, त्या बघतील, असं झालं. चुकलंच ते."

मला हे त्यांचं बोलणं फार महत्त्वाचं वाटलं. मोठ्या बायका मोठ्या झाल्या, त्यात त्यांचा काय दोष? पण मोर्चाची ताकद खालच्या वहीत होती आणि वही बंद पडली.

निघायच्या दिवशी दादरला मला थोडा वेळ होता. साडी घेतलीच, नाहीतर नणंदेनं घरात घेतलं नसतं! पूर्वेला टिळक वसाहतीकडेही चक्कर मारली. १९७५ सालीच सुरू झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेचं काम तिथून चालत आलं आहे. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक याच संघटनेनं १९८३पासून गावोगाव केलं. आमच्या सासूबाईंनी ते देवळाच्या पटांगणात बघितलं होतं, आणि आमच्या नणंदेच्या जन्मानंतर त्यांना कुणी टोमणा मारला की त्या नाटकाचं नाव घेत. आज महाराष्ट्रातल्या नगरपालिका, जिल्हा परिषदा, महापालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. २०११ साली तसा कायदा झाला. खुर्च्या आल्या. त्या खुर्चीवर बसणारीला विचारणाऱ्या बायका खाली जिन्यावर आहेत का, एवढाच प्रश्न.

मावशींनी निघताना चार गोष्टी सांगितल्या, त्या तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून लिहिते. तक्रार सांगू नका, आकडा सांगा. त्यासाठी वही ठेवा. कुणाच्याही दारी एकटीनं जाऊ नका, दोघींनी जा, आणि दोघी एकाच जातीच्या किंवा एकाच मजल्यावरच्या नकोत. वर्गणी काढलीत तर रुपयान् रुपयाचा हिशोब दारावर चिकटवा. अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. आणि पाचवी जाता जाता म्हणाल्या, "सगळं एकीच्या गळ्यात घालू नका. ती आजारी पडली की कामही आजारी पडतं."

मी विचारलं, ते भातुकलीतलं लाटणं आहे का अजून? "उसनं होतं ना? मोर्चाहून आले आणि धुऊन परत दिलं!"

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर तारीख, पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ, किती कळशा भरल्या. माझ्याबरोबर तळमजल्यावरच्या शिंपीणबाई आल्या. चौथी शिकल्या आहेत, पण हिशोब माझ्याहून पक्का. सव्वीसपैकी एकोणीस घरं सामील झाली. सात झाली नाहीत. त्यातल्या एकीनं माझ्या तोंडावर दार लावलं, तेही सांगितलं पाहिजे. काकूंना जिना उतरवत नाही, म्हणून त्या अंथरुणातून नळाचा आवाज ऐकून वेळ सांगतात. महिन्याची वही झाल्यावर अर्ज नव्यानं लिहिला. या वेळी अर्ध्या पानाचा, आणि खाली एकोणीस सह्या, दोन अंगठे. पहिली सही माझी. हात थरथरला, पण शाई वाळली.

पोच घेतली आहे. पाणी अजून रात्रीच येतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं आहे, या वेळी आम्ही नऊ जणी.

आमचे 'हे' याबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. परवा मात्र रात्री मला गाढ झोप लागली होती. खालचा नळ वाजला असावा. अंधारात त्यांचा आवाज आला, "एक वाजून दहा मिनिटं झाली. लिहून ठेव."